अकोटला नेलेला लाह्यांचा डबा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चुका मी आयुष्यात पुष्कळ केल्या. पण अकोटला केली तितकी व्यवस्थित, आधीपासून तयारी करून, डबा भरून नेलेली चूक दुसरी नाही.

मी अमरावतीला कचेरीत कारकून. त्या काळी माझं पोट माझ्या आधी टेबलापाशी पोचायचं. जिना चढताना छातीत धडधडू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी तळलेलं, तूप आणि गहू, तिन्ही बंद केले. गहू तुम्हाला पचतच नाही म्हणाले. मधल्या वेळी भूक लागली तर ज्वारीच्या लाह्या, फुटाणे आणि लोणी काढलेलं ताक.

मला नियम आवडतात. मी वही ठेवली. रोज काय खाल्लं, किती खाल्लं, रविवारी वजन किती भरलं, सगळं तारीखवार. आठ महिन्यांत असा उतरलो की सदरा अंगावर आहे की खुंटीवर, कळेना.

पण एकट्यानं नियम पाळण्यात काय मजा? सुमनलाही, म्हणजे माझ्या थोरल्या मुलीला, मी त्यात ओढलं. ती मुळातच सडपातळ. पण बापापुढे बोलते कशाला?

सुमनला दोन ठिकाणांहून नकार आले होते. तिसरं स्थळ अकोटचं. वामनराव म्हणून कपाशीवाले शेतकरी, मुलगा मास्तर. अकोल्याला माझ्या मेव्हण्याच्या घरी त्यांनी सुमनला पाहून पसंत केलं होतं. मला मात्र त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. तारीख ठरवायची तेवढी बाकी होती. ती ठरवायला मी एसटीनं निघालो. पिशवीत लाह्यांचा डबा, ताकासाठी माझं स्वतःचं फुलपात्र आणि वही.

वामनरावांनी पाहुणा म्हणून पुरी आणि शिरा केला होता. आपल्याकडे रोज भाकर. गहू निघतो तो मानाच्या माणसासाठी. मी हात जोडले, मला चालत नाही म्हणालो, जरा बाजूला सरकून बसलो आणि माझा डबा उघडला. त्यांनी ताक दिलं, ते मी माझ्याच फुलपात्रात ओतून घेतलं. तेवढ्यात लाहीचं टरफल घशात अडकलं. खोकलो. किती खोकलो म्हणता? डोळ्यांतून पाणी आलं, रुमाल तोंडाला लावावा लागला.

वामनराव जरा मागे सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, “किती दिवस झाले हे?”

“आठ महिने.”

“डॉक्टर काय म्हनते?”

“म्हनते, आत्ताच धरलं म्हनून बरं. उशीर केला असता तर जिवावर बेतलं असतं.”

वाढायला उभ्या असलेल्या वामनरावांच्या बाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, शिरा खाल्ला नाही म्हणून. म्हणून त्यांची खात्री पटावी यासाठी मी वही काढून दाखवली. आठ महिन्यांची वजनं, एकाखाली एक, प्रत्येक रविवारी घटत गेलेली. वामनरावांनी ती लांबूनच पाहिली. हातात घेतली नाही.

“घरात अजून कोनाले?”

“सुमनले बी,” मी अभिमानानं सांगितलं. “माह्याच डब्यातलं खाते. तिचं तर माह्यापेक्षा भराभर उतरून राह्यलं.”

तारखेचा विषय निघालाच नाही. मुहूर्त पाहून कळवतो म्हणाले. आठ दिवसांनी कार्ड आलं, योग नाही.

कारण मला कचेरीत कळलं. चहावाला माझा कप वेगळा ठेवू लागला. एका सोबत्यानं, दवाखान्यात जागा मिळत नसेल तर ओळख काढतो, असं कानात सांगितलं. मला क्षय झाला आहे आणि मुलीलाही लागला आहे, हे अमरावतीत माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

मी छातीचा फोटो काढला. सुमनचाही काढला. दोन्ही साफ. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुन्हा अकोट गाठलं.

वामनरावांनी ओट्यावरच फोटो उजेडाकडे धरून पाहिले. “फोटो तं साफ हायेत,” ते म्हणाले. “मंग तुमी असे खाता काहून?”

“लठ्ठ होतो म्हनून.”

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “कवा?”

आता सांगून उपयोगही नव्हता. मास्तरांची सोयरीक चांदूर बाजारला होऊन गेली होती. वामनराव माणूस वाईट नव्हते. म्हणाले, “पोरगी चांगली होती हो तुमची.” होती म्हणाले.

घरी आलो तेव्हा सुमन चुलीपाशी होती. माझं तोंड पाहून ती काय ते समजली. तिनं कणीक मळली, पोळ्या लाटल्या, वर तूप सोडलं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

“खा, बाबा,” ती म्हणाली. “आता पाहाले कोनी येत नाही.”

अशा वेळी बापाच्या घशाखाली घास उतरू नये. माझ्या तीन पोळ्या उतरल्या.