हरणाच्या कातड्याखाली

तेल्हाऱ्याकडच्या एका माणसाच्या मनगटावर कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, बसली होती. त्याचं हाड मोडलं की नुसतं मांस चेंदलं, एवढ्या एका गोष्टीवर मी अकोल्याच्या कोर्टात सकाळभर भांडत होतो. हाड मोडलं तर ती जबर दुखापत, नाहीतर साधी; आणि मारणारा माझा पक्षकार. डॉक्टरला मी असा काही सोलून काढला की शेवटी बिचारा म्हणाला, "मोडलंच असं छातीठोक सांगता येणार नाही." मी तोऱ्यात बाहेर आलो. लिंबाखाली अमरावतीचा एक ओळखीचा टांगेवाला बिडी ओढत बसला होता. कुठल्याशा खटल्यात साक्षीला आलेला. मला पाहून उठला. "वकीलसायेब, तुमचा जीनगर गेला ना! तुळशीराम. तीन हप्ते होऊन रायले." मी विचारलं, कशानं. "तापानं. हात तर कधीचाच गेला होता त्याचा..." त्यानं बिडी विझवली आणि वर म्हणाला, "कारागीर मोठा, पन मानूस बेइमान निंगाला. तुमालेच तर फसवलं होतं न त्यानं." अकरा वर्षं मी या वाक्यावर काहीच बोललेलो नाही.

म्हणून आज लिहितो आहे. तुळशीरामजी माझ्याहून वीस वर्षांनी वडील होते, पण ते हयात असताना मी त्यांना 'अरे तुळशीराम' असंच म्हणायचो. आमच्यात तशीच रीत. आता अहो-जाहो करतो आहे, त्यात माझा मोठेपणा नाही... मेलेल्या माणसाला मान द्यायला काही लागत नाही.

माझं घर अमरावतीला आणि वकिली अकोल्याला. वडील, अप्पा, यजमानांकडची पूजाअर्चा सांभाळत. कडक सोवळं, आणि त्याहून कडक जीभ. लढाईतून उरलेली एक फटफटी मी हौसेनं घेतली आणि दर शनिवारी अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा करत घरी यायला लागलो. साठ मैल. रस्ता म्हणजे मुरूम, आणि जिथे मुरूम वाहून गेलेला तिथे गाड्यांच्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या. फटफटीची मूळची बैठक लोखंडाच्या पत्र्यावर ताणलेलं कातडं, खाली दोन स्प्रिंगा. वीस मैलांत बुडाला मुंग्या, चाळिसाव्या मैलाला आग, आणि घरी पोचलो की जेवायला पाटावर बसवत नसे. आईनं कापसाची गादी शिवून दिली. ती दोन फेऱ्यांत दबून तिचे गोटे झाले. मग कांबळ्याची घडी ठेवली, ती घसरायची. सायकलची ट्यूब फुगवून तिच्यावर बसलो तर बोरगावजवळ ती फुटली आणि मी हँडलवर आदळून दात हलवून घेतला. शेवटी केसतूड झालं. ते ठसठसत असताना कोर्टात उभा राहून मी इतका भांडखोर झालो की माझी वकिली चालली ती त्या केसतुडामुळेच, असं सोबतचे वकील म्हणायचे.

अमरावतीला परकोटाच्या तटाबाहेर, टांग्यांच्या अड्ड्याजवळ तुळशीरामजींचं घर आणि घराच्याच ओसरीवर दुकान. घोड्यांची खोगिरं, टांग्याचा साज, देवळाच्या पालखीतली गादी, सगळं त्यांच्या हातचं. मी फटफटी उभी केली, तर आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, स्प्रिंगेला अंगठा दाबून पाहिला, मग म्हणाले, "घोडं मेलं तं खोगीर बदलून काय होते? स्प्रिंगच गेली तुमची." त्यांची बायको यमुनाबाई आतून म्हणाल्या, "अवो, पहिले त्याइले बसू तं द्या." "कशावर बसवू वं? बसता येऊन रायलं का त्याइले?" दोघंही हसली. मीही हसलो, आणि कळ येऊन थांबलो.

त्यांनी फळीवर ओल्या चिकणमातीचा थर दिला, वर धोतराचं फडकं टाकलं आणि मला त्यावर बसवलं. पाय फटफटीवर असतात तसे, हात पुढे. मी उठल्यावर मातीत दोन खळगे पडले होते. "हे तुमचे दोन हाडं. सारं वजन यायच्यावर. अन् हे मधातलं..." त्यांनी खळग्यांच्या मधून बोट ओढलं, "...इथं काईच नाई लागलं पायजे. घोड्याच्या खोगिरात मी पाठीच्या मनक्यावर नाली ठेवतो. मनका दाबला का घोडं बिथरते. मानसाचं बी तसंच." गादीत कापूस नाही, घोड्याच्या शेपटीचे केस. तेही नुसते नाहीत. दोरखंडासारखे पिळून उकडायचे, तसेच पिळलेले वाळवायचे आणि मग सोडायचे, म्हणजे ते कुरळे राहतात, दाबले तरी पुन्हा उठतात. मी विचारलं, कापूस काय वाईट? यमुनाबाई म्हणाल्या, "कापूस नवऱ्यावानी असते, वकीलसायेब. एकदा बसला का उठत नाई." तुळशीरामजींनी बायकोकडे असं पाहिलं की मला त्या दोघांचा हेवा वाटला.

राहिलं वरचं कातडं. तिथेच घोळ झाला. अप्पांनी बजावलं होतं, घरात येणाऱ्या गाडीवर गायीचं तर सोडाच, कुठल्याही ढोराचं कातडं चालणार नाही. फार तर हरणाचं, कारण मृगाजिनावर बसून संध्या करतात. मेळघाटातून आलेलं एक हरणाचं कातडं घरात होतं, तेच मी घेऊन गेलो. तुळशीरामजींनी ते चोळून पाहिलं आणि म्हणाले, "हे देवघरात बरं. फटफटीवर ताणलं का महिन्यात लोंबते. खाली जाड पायजेच." "मग खाली हेल्याचं, रेड्याचं घाल," मी म्हणालो. "वरून हरणाचं शीव. घरी कोण फाडून पाहतो?" त्यांनी कातडं बाजूला ठेवलं. "महाराजांले सांगान ना?" महाराज म्हणजे अप्पा. "सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही.

ती गादी... काय सांगू! साठ मैल आल्यावर मी उतरायला नाखूश असायचो. हाडांखाली भक्कम, मधे मोकळी, पुढे निमुळती, म्हणून मांड्या घासत नसत. आठ महिने मी राजासारखा फिरलो. मग बडनेऱ्याच्या अलीकडे एका बैलानं बिथरून गाडी आडवी घातली. मी रस्त्याकडेच्या काट्यात गेलो आणि फटफटी घासत गेली. मला खरचटलं, गादी मात्र उजवीकडून फाटली. घरी अंगणात ती उभी होती, तेव्हा अप्पांनी त्या फाटीत बोट घातलं. वरचं कातडं पातळ, खालचं काळं आणि जाड. काही न बोलता त्यांनी माणूस पाठवून तुळशीरामजींना बोलावून घेतलं.

आता जे लिहितो ते कोर्टातल्यासारखं लिहितो, कारण दुसऱ्या भाषेत मला ते लिहिता येत नाही. वेळ सकाळची. अंगणात अप्पा, माझे दोन चुलतभाऊ, मी आणि तुळशीरामजी. मी खाली बसून चाक दुरुस्त करत होतो, टायर काढायची लोखंडी पट्टी माझ्या हातात होती. अप्पांनी विचारलं, "हे खाली काय आहे?" तुळशीरामजींनी उजवा हात गादीवर ठेवला, फाटलेली कड उलटी करून दाखवली आणि सरळ म्हणाले, "हेल्याचं होय, महाराज." "हरणाचं ठरलं होतं. हेल्याचं कोणी सांगितलं तुला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. साक्षीदार पुढचा प्रश्न येईपर्यंत वकिलाकडे पाहतो, तसं पाहिलं. एवढंच करायचं होतं मला: 'मी सांगितलं' म्हणायचं. फार तर दोन दिवस अप्पांची जीभ सोसायची. मी उठलो आणि ओरडलो, "खोटं बोलतो हा! गायीचं आहे ते! गायीचं घातलं यानं माझ्याखाली!" आणि गादीवरच्या त्या हातावर पट्टी घातली. एकदा नाही. त्यांची तीन बोटं मोडली. हाडाचा आवाज येतो, ओली काटकी मोडल्यासारखा. तो मी ऐकला आणि ऐकूनही पुन्हा मारलं, कारण तो हात अजून गादीवरच होता आणि त्या हाताला सगळं ठाऊक होतं. गायीचं नाव ऐकल्यावर चुलतभावांना कोणी थांबवणार नव्हतं. काठ्या होत्या, लाथा होत्या. तुळशीरामजी तुळशीच्या कट्ट्याशी पडले, तोंडातून रक्त आलं, तरी ते माझं नाव घेत नव्हते. एवढंच म्हणत होते, "गाईचं नाई, बापा... गाईचं नाई..." मी सांगितलं हे ते म्हणाले नाहीत. आळ फक्त कातड्यावरचा नाकारत राहिले. अप्पांनीच शेवटी "पुरे!" म्हटलं. ते म्हणाले नसते तर मी थांबलो असतो की नाही, मला सांगता येत नाही.

दवाखान्यात त्यांना मीच नेलं, भीतीनं नेलं. डॉक्टरनं विचारलं, हे कशानं? हाड मोडलेलं, म्हणजे जबर दुखापत. माझी सनद त्या एका उत्तरावर होती. तुळशीरामजी भिंतीकडे पाहत म्हणाले, "घन पडला हातावर." बाहेर आल्यावर मी म्हणालो, "तुळशीराम, मी..." ते म्हणाले, "वकीलसायेब, हात गेला तं गेला. थे गाईचं मात्र वापस घ्या. उद्या गावात सांगून द्या, हेल्याचं होतं." मी मान डोलावली.

वापस घेतलं नाही. ब्राह्मणाच्या गादीत गाय भरली, ही गोष्ट आठवड्यात साऱ्या पेठेत झाली. देवळानं पालखीच्या गादीचं काम काढून घेतलं. टांगेवाले दुसरीकडे जाऊ लागले. पाणवठ्यावर यमुनाबाईंना बाया सरकून उभ्या राहत. आणि मी? मला पुन्हा केसतूड झालं. तीन महिन्यांनी मी परत त्याच ओसरीवर गेलो, हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. माफी मागायला गेलो असं मी स्वतःला सांगत होतो, पण तोंडातून निघालं, "गादी करून देता येईल का?" त्यांनी वाकड्या जुळलेल्या हातानं फळी पुढे ओढली, डाव्या हातानं माती थापली. सुई यमुनाबाईंनी धरली. ते सांगत गेले, त्या टाचत गेल्या, एकदाही माझ्याकडे न पाहता. शेवटी त्यांनी विचारलं, "कातडं कोनाचं लावू?" मी म्हणालो, "तेच." "नाव घ्या जनावराचं." ओसरीवर दोन टांगेवाले उभे होते. मी म्हणालो, "तेच, तेच... तुला माहीत आहे." त्यांनी मान खाली घातली आणि कामाला लागले. त्या गादीवर मी नऊ वर्षं सुखानं बसलो. अप्पा जाईपर्यंत गप्प राहण्याला त्यांचा धाक म्हणायचो. ते गेल्यावर सनदेचा म्हणू लागलो.

परवा, टांगेवाल्यानं सांगितल्याच्या चौथ्या दिवशी, यमुनाबाईंकडे गेलो. ओसरीवर एकट्याच बैलाचा पट्टा शिवत होत्या. डोळे वर न करता म्हणाल्या, "आता काऊन आले? आता कोन गादी करते?" मी म्हणालो, पेपरात सगळं लिहिणार आहे. गायीचं नव्हतं, हेल्याचं होतं, मी सांगून घातलेलं होतं आणि हात मी मोडला, असं. त्यांनी दोन टाके घातले. "लिवा. गल्लीतल्यायले वाचता येते. पन छापाच्या पयले मले वाचून दाखवा. अडान्याचा आंगठा घेता, तवा कागद वाचून दाखवता का नाई कोर्टात?"

काल हे सारं घेऊन गेलो आणि वाचलं. शेजारचे दोघे-चौघे येऊन उभे राहिले. यमुनाबाईंनीच त्यांना बोलावून ठेवलं होतं. हेल्याचं नाव आलं तिथे त्या म्हणाल्या, "थे पुन्हा वाचा, मोठ्यानं." मी वाचलं. मारल्याच्या जागी मी एक वाक्य लिहिलं होतं, ते आता वर तसं नाही: 'त्यांची दोन बोटं मोडली.' तिथे त्यांनी सुई थांबवली.

"तीन," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याच ओसरीवर बसून दोन खोडलं आणि तीन केलं.