बाबांच्या बुटांची करकर

कामाच्या वहीतली नोंद: १७ नोव्हेंबर, रविवार. आजचं काम: बाबांच्या बुटांचा तळ उघडणे.

वर्तमानपत्र अंथरलं, आरी, पक्कड, मेण लावलेला दोरा आणि जुन्या बनियनच्या चिंध्या काढल्या आणि गच्चीच्या दारात बसले. उजेड तिथेच चांगला असतो. काळे, नाडीचे, चवड्यावर शिवणीची एक आडवी रेघ असलेले बूट. बाबा गेल्यावर त्यांचे कपडे वाटून टाकले, पण बूट राहिले. बाबांचा पाय लहान. घरातल्या कुठल्याच पुरुषाला ते आले नाहीत. इतकी वर्षं ते नांदेडला भावाच्या माळ्यावर पडून होते. आता मला त्यांचं काम पडलं होतं.

जुने चामडी बूट मिळवायचे आणि दुरुस्त करायचे, हा माझा उद्योग लातुरात कुणालाच कळत नाही. उदगीरच्या एका वकिलाचे तपकिरी, नांदेडच्या जुन्या बाजारात मिळालेले कुणा बँडवाल्याचे काळे-पांढरे, असे बरेच जोड माझ्या कपाटात आहेत. मी ते विकत नाही आणि घालतही नाही. आत्या आली की कपाट उघडते आणि नाकाला पदर लावते.

"तुझ्या आज्यानं मेलेल्या ढोराला हात लावायचं सोडलं, म्हणून गावानं त्याचं पाणी तोडलं. अन् नात काय करून राहिली? कातडं कपाटात भरून त्याला मलम चोळून राहिली!"

"आत्या, तुमची पर्स कशाची हाय?"

"ती नवी हाय!"

आत्याशी मी वाद घालत नाही. आज्याने जे सोडलं ते गावाने लादलेलं होतं. मी जे करते ते मला हवं म्हणून करते. एवढा फरक मला पुरतो.

या कामात एकच गोष्ट अंगावर येते. पॉलिशचे थर उतरवता येतात, टाच बदलता येते, तळ नवा घालता येतो. पण आत पाय टेकतो त्या सुकतळ्यावर पाच बोटांचे खळगे असतात, ते जात नाहीत. माणूस कुठेतरी जळून किंवा पुरून गेलेला असतो आणि त्याचा अंगठा इथे असतो. मी सहसा सुकतळा काढून नवा बसवते. बाबांचा काढला नाही.

काम असं होतं: दिवाळीनंतर मायला मी माझ्याकडे आणलं. तिचं वय झालंय, आणि दुपार कलली की तिचं मन चाळीसेक वर्षं मागे जातं. दिवेलागणीला ती दाराकडे तोंड करून बसते.

"माय, जेवून घे."

"हे आले न्हाईत अजून. ते आल्याबिगर कशी जेवू?"

बाबा अहमदपूरजवळच्या एका खेड्यात मास्तर होते. शाळा सुटल्यावर शिकवण्या घेत, अंधार पडता पडता घरी येत, आणि मग दोघं जेवत. माय आता रोज त्या वेळेची वाट बघते आणि वाट बघता बघता उपाशी झोपते. सकाळचं खाणंही कमी झालं होतं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

भाऊ फोनवर म्हणाला, "तिला सांगून टाक ना, बाबा गेले म्हणून."

"सांगितलं. रोज सांगते. ती रोज पहिल्यांदाच ऐकते."

तिचं ते पहिल्यांदा ऐकणं मी आठवडाभर बघितलं आणि सांगणं बंद केलं. मग म्हटलं, बूट दारात दिसले तर तिला वाटेल आले, आणि ती जेवेल. भावाने नांदेडहून एसटीने बूट पाठवले.

तळ उघडला तर आत, प्रत्येक बुटात, चामड्याचा एकेक सुटा तुकडा निघाला. न शिवलेला, न चिकटवलेला, खुळखुळ्यासारखा मोकळा. बाबांचे बूट चालताना करकर वाजायचे ते यामुळेच, हे लक्षात आलं. लहानपणी तो आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू आला की आम्ही भावंडं खेळ टाकून पुस्तक उघडायचो. पण वाजणारा बूट म्हणजे बिघडलेला बूट. या कामात तो दोषच धरतात. मी तुकडे काढले, आत बुचाचा भुगा आणि डिंक भरला, नवा तळ शिवला. काढलेला तुकडा मी कधी टाकत नाही, मापाला लागतो. हे दोन्ही डब्यात ठेवून दिले. चार-पाच दिवस क्रीम मुरवलं. शेवटी बूट असे झाले की चवड्याच्या चकाकीत खिडकी दिसावी.

पुढच्या रविवारी दिवेलागणीला मी ते दारात ठेवले आणि ताट वाढलं.

मायने बघितलं. लगेच डोक्यावरून पदर घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "कोण पावणे आलेत?"

"बाबांचे बूट हायेत, माय."

"छा! त्यांचे असे कुठं? हे कुण्या साहेबाचे हायेत. पावण्याला आधी वाढ. घरात पावणा उपाशी अन् मी गिळायला बसू का?"

ताट तिने माझ्याकडे सरकवलं. त्या रात्री ती नुसतं घोटभर पाणी प्यायली. मी बूट उचलून आत नेले. जरा वेळाने विचारलं, "मग बाबांचे कसे हायेत?"

ती हसली. एवढ्यात तिला हसताना बघितलं नव्हतं. "त्यांचे वाजतेत. मुद्दाम घालून घेतलंय त्यांनी. माझा सासरा पाटलाच्या गल्लीतून चपला हातात धरून जायचा, आवाज नगं म्हणून. ह्यांनी पहिल्या पगाराचे बूट घेतले तवा बूटवाल्याला म्हणले, ह्या टोकाला पाय टाकला की त्या टोकाला कळावं असे कर. लई वाजतेत. मला तर मारुतीच्या पारापासनं कळतंय."

हे मला माहीत नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नाही. मी तो आवाज दोष म्हणून काढून डब्यात टाकला होता.

तळ पुन्हा उसवला असता तर चामडं फाटलं असतं. म्हणून सोमवारी ते दोन तुकडे सुकतळ्याखाली सरकवून बघितले. वाजेनात, डब्यात राहून दमट झाले होते. दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवले. संध्याकाळी तुकडे परत घालून बूट हाताने वाकवला आणि तो बोलला. आता नुसते दारात ठेवून भागणार नव्हतं. कुणीतरी घालून यायला हवं होतं, आणि बाबांच्या मापाचा पाय घरात माझाच होता.

पिशवीतून बूट खाली नेले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून घातले. जरा सैल, पण बोटं बाबांच्या खळग्यांत जाऊन बसली. बाबा पाय बाहेरच्या कडेवर टाकायचे. सुकतळा तसाच झिजलाय. माझा गुडघा आपोआप बाहेर वळला. मी भराभर चालणारी बाई, या बुटांत मला भराभर चढता येईना.

करकर पाय टेकताना होत नाही, उचलताना होते. म्हणजे आवाज दर वेळी मागच्या पायरीवरून यायचा. मी एक पायरी पुढे आणि करकर एक पायरी मागे. जिन्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी मी वळून बघितलं नाही.

दारापाशी थांबले. आतून मायचा आवाज आला. तो मी पोरवयात ऐकलेला आवाज होता, बारीक, दटावणारा.

"अहो, हळू. पोरगी झोपलीय. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी तशीच उभी राहिले. झोपलेली पोरगी मीच. दाराच्या आत कुठेतरी मी गोधडीत होते आणि दाराबाहेर हे बूट होते.

"हातपाय धुवा. वाढते."

मी बूट काढले, बाबा ठेवायचे तसे चवडे भिंतीकडे करून ठेवले आणि अनवाणी आत गेले. मायने माझ्याकडे बघितलं. "उठलीस व्हय? बाबा आलेत. जा, मोरीत पाणी ठेव त्यांना."

मी मोरीत तांब्या भरून ठेवला. परत आले तर तिने दोन ताटं घेतली होती. एक झाकून ठेवलं. दुसऱ्यातली भाकरी आमटीत कुस्करली आणि जेवायला लागली. अधूनमधून मोरीकडे बघत, पण जेवत. ताट बोटाने निपटून पुसलं. मी ओट्याला टेकून तिचा प्रत्येक घास बघत होते.

सकाळी तिने विचारलं, "गेले का शाळेला?"

"गेले."

दारातले बूट मी तिच्या आधीच उठून कपाटात, वकिलाच्या जोडाशेजारी ठेवले होते. मग आतले दोन तुकडे काढले, गच्चीवर कोवळ्या उन्हात ठेवले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वरवंटा ठेवला. मोंढ्याच्या बाजारात भाजीला गेले, तेव्हा स्वतःसाठी जाड लोकरी मोजे घेतले. बूट टाचेला सैल होतात, आणि जिना रोज चढायचाय.