पोस्टरची मागची बाजू

"सर, दुसरा डोळा काहून मिटता? उघडाच राहू द्या."

सूक्ष्मदर्शकात डोकावताना आपण एक डोळा मिटतोच. शाळेत तुम्हीही मिटला असेल. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले परिचर काका मात्र दोन्ही उघडे ठेवत. डाव्या डोळ्यानं काचपट्टी बघत आणि उजव्यानं कागद बघत पेन्सिलीनं चित्र काढत. मी तिथं डिझाइन शिकवतो, पण मला हे अजून जमलेलं नाही.

त्यांच्या खिशात कायम काहीतरी असे. पळसाच्या पानाचा तुकडा, मुंगळ्याचा पाय, एकदा तर डब्यातल्या वांग्याचं साल. "पाहून तर घ्या," म्हणत ते मला स्टुलावर बसवत. मी हसायचो. आता ते हसणं आठवलं की कान तापतात.

एका मे महिन्यात कूलरमधलं गवत कुजलं आणि वासानं प्रयोगशाळेत बसवेना. काकांनी घरून अंग घासायचं वाळलेलं दोडकं आणलं आणि त्याची पातळ चकती काचेखाली ठेवली.

"पाह्यलं सर? धाग्यात बी नळ्या, धाग्यायच्या मधात बी जागा. पाणी धरते अन् हवा जाऊ देते. कूलरले हेच लावा ना. खराब झालं त खतात टाका."

विद्यार्थ्यांनी तशी जाळी बनवली आणि तिची गार हवा सुटली. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी काकांचंच चित्र मोठं करून आम्ही पोस्टर केलं.

"तुमचं नाव टाकतो," मी म्हणालो.

ते लाजले. "टाका सर. नातीले दाखवाले होईन."

आदल्या दिवशी मी ते नाव काढलं. परिचराचं नाव बघून परीक्षक काम हलकं समजतील, असं विद्यार्थ्यांना सांगितलं. खरं म्हणजे कल्पना माझी वाटायला हवी होती.

काका इस्त्रीचा सदरा घालून नातीला घेऊन आले. ती बोट ठेवून एकेक नाव वाचत गेली. मी शेजारीच उभा होतो.

"आबा, तुमचं नाव त नाही दिसून राह्यलं."

काकांनी पोस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मागून हाय वं. बनवणाऱ्याचं नाव मागूनच राहते. टेबल-खुर्चीले नाही राहत का?"

पोस्टर भिंतीला ठोकलेलं होतं. मागं बघायची सोय नव्हती.

नंतरही काका आदरानंच वागले. फक्त मला पुन्हा कधी स्टुलावर बसवलं नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरात ते गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा नात दारापर्यंत सोडायला आली.

"सर, पोस्टरच्या मागून आबाचं नाव हाय ना? त्याचा फोटो पाठवता का मले?"

"पाठवतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पोस्टर उतरवलं. मागची बाजू कोरी होती. काकांच्या खणातली पेन्सिल घेऊन मी त्यांचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. फोटो काढून पाठवला.

तिचं उत्तर लगेच आलं : "घरी सगळे म्हणत, आबानं माझं मन राखायला थाप मारली. आबा खरंच बोलत होते, सर."