पडद्याआडचं तर्कशास्त्र

नांदेडच्या घरात सून नवा पडदा लावत होती. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला आणि मी निजामाच्या काळातल्या हैदराबादेत, तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसले. आम्हा मुलींचं बाक पडद्याआड असायचं. तर्कशास्त्राचे सर उर्दूतून शिकवायचे आणि प्रश्न फक्त मुलांना विचारायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "जे दिसत नाही, ते आहे कशावरून?"

मी पडदा सर्रकन सारला. "मी न्हाई का, सर? न बघताच रोज माझी हजेरी लावता की!"

"पडदा ओढा, नाहीतर नांदेडला परत जा."

"उत्तर चुकलं असंल तर जाते."

सर फळ्याकडे वळले आणि पुढचा धडा लिहू लागले.

तेव्हा वाटलं, लई हिंमत केली. आज राग येतो. नुसता सारलाच का? ओढून खाली का नाही पाडला?