घाटातला रुमाल

घोड्यावरून पडल्यापासून शेफाली त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती, आणि तनुजाताईंच्या जिवाला तेच लागून राहिलं होतं. मनगटाचं हाड जुळून येत होतं. जेवण व्यवस्थित होतं, झोप होती. प्लास्टर निघायच्या आधीच ती खराडीच्या आपल्या भाड्याच्या फ्लॅटवर परत गेली, ऑफिसला जाऊ लागली. पण जाताना घोडेस्वारीचे लांब बूट वर्तमानपत्रात गुंडाळून तिने कर्वेनगरच्या घरातल्या माळ्यावर टाकायला लावले आणि म्हणाली, "कुणाला मापाचे झाले तर देऊन टाक, आई." आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. शिळी पोळी गाईला दे म्हणावं, तसं म्हणाली.

खरं तर तनुजाताईंनी देवापुढे साखर ठेवायला हवी होती. पोरगी घोड्याच्या नादाला लागल्यापासून त्यांनी दुसरं मागितलं तरी काय होतं? पण साखरेचा डबा काही हातात घ्यावासा वाटेना.

शेफाली मुळात भित्री, हे त्या घरात कुणी लपवलं नव्हतं. लहानपणी झोपाळ्यावर बसायची तीसुद्धा एक पाय जमिनीला टेकवून. कॉलेजात गेल्यावर पुण्यातली झाडून सगळी पोरं दुचाकीवर बसतात. सुदर्शनरावांनीही लेकीला मैदानावर स्कूटी शिकवायला नेलं. तनुजाताई ओढणी खोचून गाडीच्या मागे धावत होत्या. "अगं सांभाळ! ब्रेक! ब्रेक दाब, पडशील!" शेफालीने मागे वळून पाहिलं आणि ती पडली. हनुवटीला टाके पडले. "आई ओरडली म्हणून पडले," असं तिने घरी आल्यावर जाहीर केलं, आणि पुन्हा स्कूटीला हात लावला नाही. पुढे ते वाक्य घरात विनोदासारखं चालू झालं. दूध उतू गेलं तरी सुदर्शनराव म्हणायचे, "आई ओरडली म्हणून."

मोठेपणी तिला नोकरीही तशीच मिळाली. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी त्यात कुठे कुठे काय बिघडेल ते शोधून काढायचं. सुदर्शनराव म्हणाले, "याचा पगार मिळतो? आमच्याकडे तुझी आई हे काम जन्मभर फुकट करत्येय."

घोडा तिच्या आयुष्यात आला तो कंपनीच्या सहलीमुळे. वाघोलीच्या पुढे इंद्रजीत नावाच्या एका निवृत्त फौजी माणसाचा तबेला होता. वडिलोपार्जित जमिनीतली अर्धी बिल्डरकडे गेली, उरलेल्या अर्धीवर त्याने घोडे बांधले होते. ऑफिसची सगळी पोरं घोड्यावर बसून फोटो काढत होती. शेफाली चढली नाही. दामिनी नावाच्या म्हाताऱ्या तपकिरी घोडीशेजारी नुसती उभी राहिली, आणि घोडीने जांभई देऊन आपली हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली. एवढंच घडलं. पुढच्या रविवारी शेफाली एकटीच तिकडे गेली. मग दर रविवारी. घरी सांगितलं ते कितीतरी महिन्यांनी, चांगली दौडायला लागल्यावर.

तनुजाताई घोडी बघायला गेल्या. "नाव दामिनी आणि चाल बैलगाडीची," सुदर्शनराव म्हणाले. तनुजाताईंना तेवढाच दिलासा.

मग एका रात्री जेवताना शेफालीने ड्रॅग हंटचं काढलं.

"हंट म्हणजे शिकार?" तनुजाताईंच्या हातातला डाव आमटीतच राहिला.

"शिकार नाही गं. कुणी मरत नाही. तबेल्यातले संपतमामा एका गोणपाटाला वासाचं तेल लावून ते रानातून फरफटत नेतात. कुत्री त्या वासाचा माग काढत धावतात, आणि त्यांच्यामागे आम्ही घोड्यांवरून."

"आणि शेवटी काय मिळतं?" सुदर्शनरावांनी विचारलं.

"कुत्र्यांना मटण."

"आणि तुला?"

"चहा."

"म्हणजे गोणपाटामागे ऊर फुटेस्तोवर पळायचं आणि शेवटी चहा. ते तर तू ऑफिसात करतेसच."

शेफाली हसली, पण तिने ताट सरकवलं होतं. "मला आत्तापासूनच मळमळतंय, बाबा. पण मी जाणार आहे. तुम्ही दोघं या बघायला. आई, एकच गोष्ट. ओरडायचं नाही."

"नाही ओरडणार," तनुजाताई म्हणाल्या.

हंटच्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी घाटातला रुमाल काढला. तनुजाताईंचं माहेर महाडचं. दर मे महिन्यात वरंध घाटातून जाताना शेफालीला गाडी लागायची. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला बडीशेपेचा अर्क रुमालावर शिंपडायचा आणि तो तिच्या नाकाशी धरायचा, हा त्यावरचा घरगुती इलाज. घाट सुटला तरी रुमाल सुटला नाही. दहावीच्या परीक्षेला, नोकरीच्या मुलाखतीला, सगळीकडे तो तिच्याबरोबर गेला. त्या सकाळी तनुजाताईंनी हात जरा सैलच सोडला, रुमाल चिंब केला. शेफालीने तो मुकाट्याने जाकिटाच्या खिशात कोंबला. "याच्याशिवाय माझं काही खरं नाही," असंही म्हणाली.

तिथली कुत्री पाहून तनुजाताईंना हायसं वाटलं. त्यांना वाटलं होतं, वाघासारखी असतील. निघाले लांब कानांचे, आखूड पायांचे बीगल. लोक हौसेने आणतात आणि फ्लॅटमध्ये फार भुंकतात म्हणून सोडून देतात, तसले सगळे इंद्रजीतने गोळा केले होते. संपतमामा गोणपाट घेऊन अंधारातच रानात गेले होते. बाजरी निघून गेलेली रिकामी रानं, मध्ये दगडी बांधांच्या ताली, पलीकडे ओढा. शेतमालकांना आधी विचारून ठेवलेलं. बघायला आलेली मंडळी एका टेकाडावर उभी राहिली.

कुत्री सुटली. नाकं जमिनीला, शेपट्या वर, आणि माग सापडताच सगळी एका सुरात ओरडू लागली. मागून इंद्रजीत, मग इतर स्वार, आणि सगळ्यात शेवटी दामिनीवर शेफाली. तनुजाताईंनी ओढणीचं टोक दातांत धरलं. पहिली ताल आली. कंबरेएवढी उंच. दामिनी थबकली, आणि तिथे तनुजाताईंना दिसलं की शेफालीने लगाम खेचला नाही. उलट हात पुढे सोडले, पाठ ताठ केली आणि घोडीच्या मानेवर थाप मारली. दामिनी उडाली. पलीकडे दोघी सुखरूप उतरल्या. शेफालीने मागे वळून पाहिलं नाही.

"बघितलंस?" सुदर्शनराव पुटपुटले. ओढणी तोंडात असल्यामुळे तनुजाताईंना बोलता आलं नाही.

ओढ्याशी माग तुटला. तो मुद्दामच तोडलेला असतो. संपतमामा तिथे गोणपाट उचलून घेतात आणि बऱ्याच पुढे पुन्हा टेकवतात, म्हणजे कुत्र्यांना शोधावं लागतं. कुत्री इकडेतिकडे हुंगत फिरू लागली. स्वार थांबले. शेफाली ओढ्याच्या काठावर होती. घाबरून धावल्यावर थांबलं की मळमळ वर येते, तसं झालं असावं. तिने खिशातून रुमाल काढून नाकाशी धरला. वारा तिच्या पाठीकडून कुत्र्यांच्या दिशेने वाहत होता.

एका कुत्र्याने मान वर केली. मग सगळ्यांनी. आणि तो अख्खा घोळका गळा काढत उलटा फिरला आणि दामिनीच्या पायांत घुसला. कुत्री शेफालीच्या बुटांवर, गुडघ्यांवर उड्या मारू लागली. एकाने तर तिच्या हाताशी झेप घेतली. असला दंगा त्या गरीब घोडीने जन्मात पाहिला नव्हता. ती तिरकी सरकली, काठाची माती ढासळली आणि शेफाली ओढ्यातल्या गोट्यांवर आपटली.

तनुजाताई ओरडल्या नाहीत. ओढणीचं टोक अजून दातांतच होतं.

पलीकडून संपतमामा धावत आले. "हात हलवू नका, ताई. घोडी हाय तितंच हाय, तिला काय झालेलं न्हाई." शेफालीने पहिल्यांदा घोडीचंच विचारलं होतं.

दवाखान्यात जाताना गाडीत ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. मुठीत चिखलाने माखलेला रुमाल तसाच. मध्येच म्हणाली, "आई, तू ओरडली नाहीस."

"नाही गं, राणी."

"तू खरंच ओरडली नाहीस." मग बाहेर बघत म्हणाली, "म्हणजे माझ्यातच आहे ते. इतकी वर्षं उगीच तुझ्यावर ढकललं मी. कुत्र्यांनासुद्धा कळतं, कोण घाबरलंय ते."

ते वाक्य तनुजाताईंच्या काळजात रुतून बसलं. आई ओरडली म्हणून पडले, हे बरं होतं. त्यात निदान पडणारी पोर निर्दोष होती.

आणि मग आज दुपारी इंद्रजीतचा फोन आला. शेफाली त्याचे फोन घेत नव्हती, म्हणून त्याने सुदर्शनरावांकडून तनुजाताईंचा नंबर घेतला होता.

"ताई, हाताचं कसं आहे?"

"बरं आहे. प्लास्टर निघेल आता."

"तिला म्हणावं, दामिनी वाट बघत्येय. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर हनुवटी टेकवत नाही." मग तो म्हणाला, "मला एक कोडं सुटत नाही बघा. ही कुत्री एवढी वर्षं माझ्याकडे आहेत. माग तुटला तर भरकटतील, बसून राहतील, पण उलट फिरून स्वारावर गेली, असं कधी झालं नाही. मी सगळं तपासलं. गोणपाट तेच, तेलही नेहमीचंच."

"कसलं तेल असतं हो ते?" तनुजाताईंनी उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"बडीशेपेचं. कुत्र्यांना तो वास कुठूनही लागतो."

फोन कधी ठेवला, ते तनुजाताईंना आठवत नव्हतं. शेफालीचं जाकीट गॅलरीत खुंटीवर होतं. धुऊन टाकायचं राहून गेलं होतं, खरं तर हात धजावला नव्हता. दवाखान्यात त्याच्या खिशात कोंबलेला रुमाल काढला. वाळलेल्या चिखलाखालून अजून तो वास येत होता, घाटातला. त्यांनी रुमाल उलगडला. एका कोपऱ्याला चार-पाच बारीक भोकं होती, ओळीने. पडताना फाटला असेल, असं त्या दिवशी वाटलं होतं. दगडाने कापड फाटतं, त्याला ओळीने भोकं पडत नाहीत.

सुदर्शनराव सोफ्यावर पेपर वाचत होते. तनुजाताईंनी त्यांच्यापुढे रुमाल धरला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाची भोकं बोटाने चाचपली.

"म्हणजे कुत्री बरोबर होती," ते म्हणाले. "त्यांना शिकवलं होतं तेच केलं त्यांनी."

"अहो, थट्टा सुचते कशी तुम्हाला?"

"थट्टा नाही करत." त्यांनी पेपराची घडी घातली. "आता काय करणार आहेस?"

"तेच कळत नाहीये."

"नाही सांगितलंस तर तिला कधी कळणार नाही. इंद्रजीतलाही नाही. कुत्र्यांना ठाऊक आहे, पण ती कुणाला सांगत नाहीत. बूट माळ्यावर आहेत, पोरगी जमिनीवर आहे. तुला हेच हवं होतं ना?"

"सांगितलं तर परत जाईल ती."

"जाईल."

"परत पडेल."

"पडेलही. घोड्यावर बसणारी माणसंच घोड्यावरून पडतात, तनुजा. सोफ्यावर बसलेली मी तरी पाहिली नाहीत."

तनुजाताई तिथेच पाटावर टेकल्या. रुमाल मांडीवर होता. त्यांच्या डोळ्यांपुढे ओढा आला, गोटे आले, वाकडा झालेला हात आला. हे सगळं पुन्हा होऊ शकतं, आणि त्या वेळी रुमालाचं निमित्तही नसेल. न बोलण्यासारखं सोपं काही नव्हतं. लेक सुखरूप राहील. ऑफिसच्या गाडीने जाईल, येईल, लोकांच्या कामातल्या चुका शोधेल आणि मनाशी धरून बसेल, की आपण पडलो ते आपल्यात खोट आहे म्हणून. सुखरूप राहील, पण एका खोट्या गोष्टीच्या आधारावर. आणि ती गोष्ट खोटी आहे हे माहीत असलेली माणसं जगात दोनच, तिचे आईबाप.

मग त्यांना ती ताल आठवली. पाठ ताठ, हात पुढे सोडलेले, घोडीच्या मानेवर थाप. तेव्हा शेफालीच्या नाकाशी रुमाल नव्हता. आई ओरडतही नव्हती, धरायलाही नव्हती. ती आपली आपण उडाली होती. त्या गडबडीत, दवाखान्यात, नंतर घरी, तनुजाताईंनी तिला एकदाही सांगितलं नव्हतं, की मी ते पाहिलं.

त्या उठल्या. फोन चार्जिंगला लावलेला होता, तो काढला.

"आत्ता?" सुदर्शनराव म्हणाले. "मीटिंगमध्ये असेल ती. संध्याकाळी कर."

"संध्याकाळपर्यंत माझा धीर टिकायचा नाही. मला मी ओळखत नाही का?"

सुदर्शनराव उठले. स्वयंपाकघरातून त्यांनी स्टूल ओढत आणलं, माळ्याखाली लावलं आणि भिंतीला धरून जपून वर चढले. तनुजाताईंच्या ओठांवर 'अहो सांभाळा' आलं होतं. ते त्यांनी तसंच गिळलं, आणि शेफालीचा नंबर लावला.