सतराव्या प्रश्नाची खूण

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात त्यांना सगळे मुंगीकाका म्हणायचे. सकाळी मान खाली घालायची ती संध्याकाळीच वर. माणूस म्हणजे अगदी गरीब गाय. अकरा वर्षं माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं, म्हणून सांगते.

दरवर्षी मुलांकडून समाधानाचे फॉर्म भरून घेतले जायचे. वीस प्रश्न, होय किंवा नाही. झोप लागते का, ताण झेपतो का, इथं मन रमतं का. मुलांचं भलं राहिलं बाजूला, साहेबांना हवी टक्केवारी! फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम काकांचं. एक जरी रकाना कोरा असला तरी कॉम्प्युटर फॉर्म घेतच नसे. असा फॉर्म त्या मुलाला बोलावून भरून घ्यायचा, हा नियम. पण नऊशे फॉर्म आणि मुदत दोन दिवसांची! काका सरळ पेन उचलायचे आणि 'होय'वर खूण करून मोकळे व्हायचे. "पोरं विसरतात गं," म्हणायचे. मीही पाच-पंचवीस केलेत, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी हॉस्टेलमधल्या एका मुलीनं जीव दिला. पंधरा दिवसांनी तिची आई आली. साहेबांनी हात झटकायला तिचा फॉर्मच पुढे केला. "बघा बाई, तक्रार आहे कुठे?"

आईनं सतराव्या प्रश्नावर बोट ठेवलं. मनातलं बोलायला इथं कुणी आहे का? होय.

"ही कोण?" तिनं विचारलं. "मला तिला भेटायचंय. माझी पोर शेवटी काय बोलत होती, तेवढं तरी कळेल."

मग तो फॉर्म घेऊन बाई वर्गावर्गात फिरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्याही. पोरी नुसत्या नाही म्हणून माना हलवायच्या.

इकडे काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "ती खूण माझी आहे, शाई माझ्याच पेनाची," मला म्हणाले. मी त्यांच्यावरच खेकसले, "गप्प बसा! दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. झाकली मूठ सव्वा लाखाची." असं बोलले मी. आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी बाई जिन्यात बसलेली दिसली, तसे काका उठले. मी मागोमाग गेले.

"ताई, तिला शोधू नका," काका म्हणाले. "तशी कुणी नाही. ती खूण मी केली."

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"मग तिनं काय लिहिलं होतं?"

"काही नाही. बाकीचे एकोणीस भरले होते. तेवढाच कोरा सोडला होता."

बाईनं हातातल्या फॉर्मवरच्या त्या खुणेवरून बोट फिरवलं. "हे तुम्ही कधी बघितलंत?"

"जानेवारीत."

"ती मार्चपर्यंत होती हो," बाई म्हणाली.