कोंड्याचं दळण

पाथर्डीच्या पूर्वेला, जिथं एसटी दिवसातून दोनदा येते आणि तीही ड्रायव्हरच्या मनात आलं तर, तिथं बनुबाईची पिठाची गिरणी आहे. चांगली चालते, तीन गावांची दळणं येतात. बाया म्हणतात, बनुबाईनं नशीब काढलं. काढलं म्हणे! ज्याच्यासाठी काढलं तो कुठं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारायला तोंड पाहिजे ना.

लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, म्हणून बनुबाई माहेरी आली आणि धाकट्या भावाबरोबर, आदिनाथबरोबर, ऊस तोडायला जायला लागली. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. दोन माणसांचा मिळून एक कोयता. बाकीचे कोयते नवरा-बायकोचे, हा बहीण-भावाचा. आदिनाथ तोडायचा, बनुबाई मोळ्या बांधायची. सोळा हंगाम असे गेले. सतराव्या हंगामात आदिनाथ भर फडात हातातला कोयता टाकून उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, उसातून कुनीतरी मला शिव्या देतंय."

पुढं व्हायचं ते सगळं झालं. अंगारे झाले, उतारे झाले, लिंबं कापून झाली. शेवटी नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा डोक्याचा आजार आहे, गोळ्या रोज घ्यायच्या आणि कानात येणाऱ्या आवाजांचं ऐकायचं नाही. आदिनाथनं विचारलं, "पन खरा आवाज कोन्ता आन खोटा कोन्ता, हे मला कसं कळनार?" डॉक्टरांनी बनुबाईकडं बोट केलं. म्हणाले, बहिणीला विचारत जा.

झालं. तेव्हापासून तो दिवसातून दहा वेळा विचारायचा.

"आक्का, दारात कुनी हाक मारली का गं?"

"न्हाई."

"कुत्रं भुंकलं का?"

"व्हय, भुंकलं."

ती हो म्हणाली की हो, नाही म्हणाली की नाही. तो लगेच निवांत व्हायचा. माणसं देवावरसुद्धा एवढा भरवसा ठेवत नाहीत.

मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता मी नेत न्हाई. त्याला घरी बांधून ठेव, तुला दुसरा जोडीदार देतो." बनुबाई म्हणाली, "तुझ्या बापाला बांध." तिथंच ऊसतोड संपली.

त्याच वर्षी गावातला म्हातारा गिरणीवाला सूर्यभान गिरणी विकून पुण्याला पोरांकडं निघाला होता. बनुबाईनं बैलजोडी विकली, गाडी विकली, नवऱ्याच्या माघारी जपून ठेवलेले डोरल्यातले मणी विकले आणि गिरणी घेतली. भाऊबंद हसले. बाईमाणूस गिरणी चालवणार आणि येडा दळणार, म्हणाले. बनुबाईच्या डोक्यात एकच होतं, आदिनाथ आपल्या डोळ्यांसमोर राहील आणि त्याला कुणी बांधणार नाही. गिरणी घेतली ती एवढ्याचसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही.

सूर्यभान आठ दिवस थांबून शिकवून गेला. बनुबाई पट्टा आणि मोटार शिकली. दगडाचं काम मात्र आदिनाथनं उचललं. गिरणीचा दगड घासून गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोडीनं त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे बारीक खाचा पाडाव्या लागतात. आदिनाथ तीन-तीन तास मान खाली घालून टकटक करत बसायचा. "टाकी चालू असली की ते गप बसत्यात, आक्का," तो म्हणायचा. सूर्यभाननं स्वतःच्या पोरांना कधी चांगलं म्हटलं नव्हतं, पण आदिनाथचा हात बघून तो म्हणाला, "ह्याला शिकवायला काय उरलंच न्हाई." जाताना मात्र त्यानं बजावलं, "टाकी लावली की पयला कोंडा दळायचा आन तो फेकून द्यायचा. दगडाचा चुरा त्या कोंड्यात निघून जातो. कोंडा न काढता गिऱ्हाइकाचं दळण टाकलं, तर दात पडतील लोकांचे."

येड्याच्या हातचं कसं खायचं, असं गाव आधी महिनाभर कुजबुजलं. मग भाकरी अशी टम्म फुगायला लागली की तोंडं आपोआप बंद झाली. दोन वर्षं सुखाची गेली. अगदी सुखाची, उगाच कशाला नाही म्हणा.

मग आप्पासाहेबांच्या लेकीचं, राजनंदिनीचं, लग्न निघालं. आप्पासाहेब म्हणजे गावात ज्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही ते. पुऱ्यांसाठी तीन पोती गहू आले. आदिनाथनं पहाटेपासून बसून दगडाला नवी टाकी लावली. लाईट आठला यायची ती दहाला आली आणि बाराला जाणार होती. दारात आप्पासाहेबांचा गडी घाई करत उभा.

"आक्का, पयला कोंडा काढू का?" आदिनाथनं विचारलं.

"राहू दे कोंडा. लाईट जाईल. टाक गहू."

तो पोत्याला हात लावेना, नुसता उभा राहिला. तेव्हा बनुबाईनं स्वतःच पहिलं पोतं उचललं आणि गिरणीत ओतलं.

लग्नात पहिल्याच पंगतीला पुरी दाताखाली कचकच लागली. नवरदेवाच्या मामानं घास थुंकला आणि भरल्या पंगतीतून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेब चार माणसं घेऊन गिरणीवर आले.

"बने, त्या येड्यानं पिठात माती टाकली. माझी अब्रू गेली. एक तर ह्याला गावातनं काढ, न्हाईतर गिरणीला कुलूप घाल. उद्यापासून एक डबा इथं येनार न्हाई."

आदिनाथ आतून बाहेर आला. हाताला पीठ तसंच. त्यानं आप्पासाहेबांकडं बघितलं नाही, माणसांकडं बघितलं नाही. बनुबाईकडं बघितलं.

"आक्का, मी टाकली का गं माती?"

बनुबाईला वाटलं, खरं सांगावं. आणि त्याच वेळी वाटलं, बैल गेले, मणी गेले, आता गिरणीही गेली तर दोघांनी खायचं काय? खरं सांगितलं असतं तर आप्पासाहेब चिडले असते, दोन शिव्या देऊन कदाचित गेलेही असते. कुणी सांगावं. तिनं सांगून बघितलंच नाही.

"व्हय," ती म्हणाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरानंच निवाडा दिला आणि संन्याशानं मान डोलावली. आदिनाथ हौदावर गेला आणि कोपरापर्यंत हात धूत बसला. पीठ कधीच निघून गेलं होतं, तरी धूतच बसला.

आठ दिवसांनी बनुबाईनं त्याला नगरच्या पलीकडं एका आश्रमात नेऊन ठेवलं. तिथली माणसं चांगली आहेत, गोळ्या वेळेवर देतात, कुणाला बांधत नाहीत. गिरणीवर डबे परत आले. टाकी लावायला आता पाथर्डीहून माणूस येतो, आणि पहिला कोंडा बनुबाई न चुकता काढते, अर्धं पोतं काढते. शेजारची पंकजा परवा डबा ठेवता ठेवता म्हणाली, "आदिनाथ हुता तवा पीठ कसं मऊ यायचं, न्हाई का?" तो डबा उचलून हिच्याच डोक्यात घालावा, असं बनुबाईला वाटलं. तिनं तो रांगेत लावला आणि पट्टा चढवला.

दिवाळीला ती लाडू घेऊन आश्रमात गेली. एसटीत बसल्यापासून मनाशी घोकत होती, आज सांगायचंच. बाकावर शेजारी बसून तिनं सांगितलं. "आदिनाथ, तू माती टाकली न्हवतीस. टाकी लावल्यावर तू कोंडा काढू का इचारलं हुतंस. मीच न्हाई म्हनले, मीच गहू वतला. चूक माझी हुती, तुझी न्हाई."

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, समजूत काढावी तसा.

"ते आवाज बी मला रोज हेच सांगत्यात, आक्का. पन मी न्हाई ऐकत त्यांचं. तू सांगितलंयस ना, मीच टाकली म्हनून."

आणि त्यानं लाडू मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला.